वेलांटी आधी, अक्षर मागून

माझ्या नावात वेलांटी नाही. सु-जा-ता. उकार आहे, दोन काने आहेत, वेलांटीचा पत्ता नाही. ही काय सांगायची गोष्ट झाली, असं कुणालाही वाटेल. पण उल्हासनगरात लछूदादांच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर मराठी मजकूर जुळवायला लागले तेव्हा त्या दुकानाची एक शिस्त होती. सकाळी मशीन चालू केलं की आधी एक शब्द टाइप करून बघायचा. मराठी उमटावी म्हणून मशीनच्या पोटात एक वेगळं कार्ड बसवलेलं असायचं आणि ते मधूनच रुसायचं. रुसलं की सगळ्यात आधी वेलांटी गायब. म्हणून शब्द असा हवा की ज्यात वेलांटी आहे. माझं नाव कामाचं नव्हतं, म्हणून मी आईचं घ्यायचे. विमल. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत विमल उमटलं की मशीन ठीक आहे, लागा कामाला. असं साडेतीन वर्षं, सुट्ट्या सोडून, रोज. आईच्या नवऱ्यानं, सासूनं आणि शेजारणींनी मिळून तिचं नाव जितक्यांदा घेतलं नसेल तितक्यांदा माझ्या बोटांनी घेतलं.

आम्ही अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. पुढची खोली, स्वयंपाकघर, मागं पत्र्याची पडवी. घरात घड्याळ होतं, पण ते शोभेला. आमचा दिवस फॅक्टरीच्या भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की अण्णा उठले, भोंगा झाला की अण्णा निघाले, भोंगा झाला की आईनं भाताखालचा गॅस बारीक केला. अण्णा म्हणजे माझे वडील, आखणीच्या कामावर होते. लोखंडाच्या तुकड्यावर निळा रंग फासायचा आणि त्यावर टोकदार सळईनं रेघा मारायच्या. त्या रेघांवरून पुढचा माणूस कापणार. अशी कामं करणारी माणसं बोलत नाहीत की काय कोण जाणे. अण्णा दिवसाला दहा वाक्यं बोलायचे, त्यातली चार जेवणाबद्दल असायची, आणि तीही "मीठ बघ जरा" छापाची. बोलण्याचं खातं आईकडे होतं. ती आनंदनगरला एका कंपनीत औषधाच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायची. घरी आली की पदर खोचून तव्यावर सुकट भाजायला घ्यायची, आणि तो वास वर गेला की वरच्या मजल्यावरच्या शाकाहारी काकूंची खिडकी धाडकन बंद व्हायची. आई वर बघून म्हणायची, "घ्या, वास तुम्हाला, जेवण आम्हाला." सुकट, कांदा, वरून कोकम, आणि तांदळाची भाकरी. मी आज करते तेव्हा सगळं तेच घालते आणि तसं होत नाही. मुलगी म्हणते, "मम्मी, मस्त झालंय." तिला काय माहीत.

आईला नावानं हाक मारणारं माणूस नव्हतंच. अण्णा "ऐकलं का" म्हणायचे. क्वार्टर्समधल्या बायका "सुजाताची आई" म्हणायच्या, कंपनीत गायकवाडबाई. एक कुसुममावशी, आईची धाकटी बहीण, बदलापूरला राहायची, ती "ताई" म्हणायची. त्यामुळे मी एकदा जेवताना सहज सांगितलं, "आई, मी रोज सकाळी दुकानात तुझं नाव छापते बरं का," तर ती भाकरी थापता थापता थांबली.

"माझं? कशाला? मी काय निवडणुकीला उभी राहिलेय?"

मी सगळं समजावून सांगितलं, कार्ड, वेलांटी, रुसणं. तिला काही कळलं नाही आणि तिनं तसं सांगितलंही. पण दुसऱ्या दिवशी मी घरात पाय टाकते न टाकते तोच तिनं विचारलं, "काय गं, आज आलं का नाव?" मी म्हटलं, "आलं." मग ते रोजचंच झालं. चप्पल काढायच्या आधी प्रश्न, चप्पल काढता काढता उत्तर. अण्णा पेपराआडून ऐकत असायचे.

मग विंडोज आलं. आईनं ते नाव ऐकलं आणि तिला दुकानाची काळजी वाटली. "म्हणजे इतकी वर्षं दुकानाला खिडकी नव्हती होय गं? घामानं मरत असशील." आता हसू येतं, पण तेव्हा मी करवादले होते तिच्यावर. कारण मला ते विंडोज मुळीच नको होतं. जुन्या डॉसचा स्वभाव मला कळलेला होता. काळा पडदा, त्यावर एक छोटी रेघ लुकलुकत "बोल" म्हणत उभी. आपण हुकूम टाइप करायचा, तो मुकाट्यानं करणार. काही विचारलं नाही तर काही दाखवणार नाही. अण्णांसारखंच होतं ते. आणि हे नवीन म्हणजे सगळं एकदम समोर मांडून ठेवलेलं, चित्रंच चित्रं, आणि मध्ये तो बाण. पहिल्या दिवशी मी बाण वर न्यायला माऊस टेबलावरून उचलून हवेत धरला. लछूदादा गल्ल्यावरून हसत सुटले, "अरे पुट, चूहा है, चिड़िया नहीं है. ज़मीन पे चला." लछूदादा सिंधी, फाळणीत आलेल्या आईबापांच्या पोटी उल्हासनगरच्या कॅम्पात जन्मलेले. मला मुलगी असून पुट, म्हणजे बेटा, म्हणायचे. त्यांचं दुकान पत्रिकांचं होतं: लग्नाच्या, बारशाच्या, दहाव्या-तेराव्याच्या, आमच्या बौद्ध लोकांच्या मंगल परिणयाच्या आणि पुण्यानुमोदनाच्या. मराठी ते बोलायचे झकास, वाचायचे मात्र अक्षराखाली बोट ठेवून.

खरी गोची माऊसची नव्हती. तो दोन दिवसांत जमला. गोची वेलांटीची होती. डॉसवर आपण जसं बोलतो तसं टाइप करायचं. "वि" म्हणताना तोंडातून आधी व निघतो, मग इ निघते. तर आधी व मारायचा, मग वेलांटी, आणि मशीन आपणहून ती वेलांटी उचलून व-च्या अलीकडे नेऊन ठेवायचं. दादांनी विंडोजवर जो फॉन्ट आणला होता त्याला एवढी अक्कल नव्हती. तो हातानं लिहिल्यासारखा चालायचा. वेलांटी अलीकडे दिसते ना, मग ती आधी मारा, अक्षर मागून. बटणं तीच, जागा त्याच, फक्त क्रम उलटा. जुन्या सवयीनं अक्षर आधी मारलं की वेलांटी पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसायची. ठिकाणचं ठकिाण, निमंत्रणचं नमिंत्रण. एका नवरदेवाचा अनिलचा अनलि झाला, आणि त्याच्या "चि."ची वेलांटी तर बिचारी टिंबावर जाऊन टेकली. आता फोनला नुसतं बोललं तरी तो लिहून देतो, वेलांटी कुठून आली कुठं गेली कुणी बघत नाही. तेव्हा मात्र रोज दहा-वीस वेळा हे व्हायचं. पण छापून कधीच गेलं नाही, कारण दादांचा दुसरा नियम असा की प्रूफ गिऱ्हाइकानं वाचायचं आणि खाली सही करायची. जुळवणाऱ्यानं स्वतःचं प्रूफ स्वतः वाचायचं नाही. "अपना लिखा अपने को नहीं दिखता, पुट." गिऱ्हाईक हसायचं, मी जीभ चावायचे, दुरुस्त व्हायचं.

दुकानात मशीनं दोन होती. नवं विंडोज आधी एकावर चढवलं. महिनाभर मी सकाळी जुन्यावर काम करायचे आणि दुपारी नव्यावर. म्हणजे सकाळी अक्षर आधी, दुपारी वेलांटी आधी. डोकं फिरायची पाळी यायची. पण हळूहळू बसलं. मला वाटलं, बसलं.

आईचं दुखणं तोवर आठ महिन्यांचं झालं होतं. किडनीचं. कंपनी कधीच सुटली होती, शेवटी शेवटी ती अंथरुणातच असायची. कुसुममावशी बदलापूरहून सकाळी यायची, संध्याकाळी मी आले की जायची. आई बोलायची कमी झाली होती, पण मी दारात आले की मान एवढीशी वळवून तिचा प्रश्न यायचाच, "आलं?" आणि मी म्हणायचे, "आलं."

ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी दुकानातलं दुसरं मशीन बदलायचं होतं. माझं जुनं डॉसचं. त्या वेळी विंडोज तेरा फ्लॉप्यांवर यायचं. एक घालायची, पडद्यावरची निळी पट्टी हळूहळू भरायची, मग ते दुसरी मागायचं. सकाळी मी जुन्या मशीनवर शेवटचं विमल टाइप केलं, बरोबर उमटलं, आणि मग मशीन पुसायला घेतलं. पाचवी फ्लॉपी चालू असताना फोन आला. दादांनी माझ्याकडे दिला. अण्णा होते, नाक्यावरच्या टेलिफोनवरून.

"सुजाता. आई गेली. ये."

मी म्हटलं, "बरं."

फोन ठेवला. पडद्यावर सहावी फ्लॉपी मागत होतं. मी घातली. दादांनी विचारलं, "किसका था?" मी म्हटलं, "घरून होता." मग सातवी घातली. आठवी. पट्टी भरत होती ती बघत बसले. एक फ्लॉपी अडकली, ती काढून पुसून परत घातली. मला कळलं नव्हतं असं नाही. अण्णा काय म्हणाले ते मला लख्ख कळलं होतं. फक्त त्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं, आणि फ्लॉपीचं काय करायचं ते माहीत होतं. तेरावी संपली, मशीन बंद होऊन परत चालू झालं, रंगीत पडदा आला. तेव्हा मी उठून पर्स घेतली आणि म्हटलं, "दादा, माझी आई गेली. मी निघते."

"हाय रे. कधी?"

"मघाशी. सहाव्या फ्लॉपीच्या आधी."

दादा गल्ल्यावरून उठले. मग त्यांनी शटर ओढलं आणि मला स्कूटरवर घालून अंबरनाथला आणून सोडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अण्णांनीही कधी विचारलं नाही, एका स्टेशनाचं अंतर यायला तुला इतका वेळ का लागला म्हणून.

घरी माणसं जमली होती. मला आठवतं ते सगळं फालतू आठवतं. मेणबत्ती वाटीत उभी केली होती आणि ती वाटी आमची कढी वाढायची होती. मावशीच्या पायात उलट्या चपला होत्या, डावी उजवीत. बायका मला मिठी मारून रडत होत्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान वाचत होते. मला काही वाटत नव्हतं. दुःख आत कोंडलं होतं वगैरे नाही हो, खरंच काही वाटत नव्हतं. दात काढायच्या आधी हिरडीत सुई देतात, मग आपला गाल आपल्याच हाताला परका लागतो, तसं सगळं अंग झालं होतं. दुसऱ्या दिवशी वरच्या शाकाहारी काकू मुगाच्या खिचडीचं पातेलं घेऊन आल्या आणि दारातच हुंदके देऊन रडल्या. मी त्यांना पाणी दिलं. खिचडी खाल्ली, दोनदा घेतली, पातेलं घासून परत दिलं. खिचडीत मीठ होतं की नव्हतं, विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मला स्वतःची भीती वाटायला लागली होती. मावशी सारखी माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी तोंड फिरवायचे, कारण तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला, बाराव्या दिवशी, क्वार्टर्समधल्या विहारात. कार्ड काढायचं ठरलं. अण्णांनी मजकूर एका कागदावर लिहिला, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. मी म्हटलं, "कार्ड मी करते." मावशी म्हणाली, "अगं तू कशाला, दुसऱ्या कुणाला तरी दे, तुझी अवस्था काय." मी म्हटलं, "मी करते." माझी अवस्था काहीच नव्हती, तोच तर घोळ होता. मला रडता येत नव्हतं, आईजवळ बसता आलं नव्हतं, फोन आल्यावर उठताही आलं नव्हतं. ही एक गोष्ट मला येत होती. आईचं नाव तिच्या जन्मात कधी छापलं गेलं नव्हतं. तिच्या लग्नाला पत्रिका निघाली नव्हती. रेशनकार्डावर होतं ते कारकुनानं हातानं खरडलेलं, तेही दुसरी वेलांटी देऊन. दुकानात मी रोज टाइप करायचे, पण ते पडद्यावर. लगेच पुसून कामाला लागायचे. आता पहिल्यांदा कागदावर येणार होतं, शाईत, चार माणसांच्या हातात जाणार होतं. ते मी नीट करणार. दुसरं काही नाही जमलं तरी हे नीट करणार, असं मी ठरवलं आणि दुकानात गेले.

जुन्या मशीनमधला आमच्या लोकांच्या कार्डांचा तयार मजकूर फ्लॉपीवर काढून ठेवलेला होता, नाव आणि वार बदलला की झालं. पण नव्या विंडोजला ती फाईल वाचता येईना. उघडली की नुसते चौकोन आणि कसलीतरी परदेशी चिन्हं. म्हणून मी सगळं पहिल्यापासून टाइप केलं. एकेक शब्द सावकाश, मनात घोकत: वेलांटी आधी, अक्षर मागून. कालकथित. विधी. विहार. ठिकाण. अण्णांचं नाव किसन, त्यातही वेलांटी, ती बरोबर आली. वर नमो बुद्धाय. मग मध्यभागी, मोठ्या ठसठशीत टायपात, आईचं नाव. तिथं मात्र मनात काही घोकावं लागलं नाही. ते बोटांनीच केलं. पडद्यावर ते एवढं मोठं दिसलं आणि मला बरं वाटलं, म्हणजे वाटायला हवं होतं असं वाटलं.

दादा मागं येऊन उभे राहिले. "पुट, प्रूफ घर पे लेके जा. पप्पा को दिखा."

"गिऱ्हाइकानं वाचायचं ना? गिऱ्हाईक मीच आहे, दादा."

दादा पुढं वाकले. मग त्यांनीही बोट ठेवून वाचलं, "का-ल-क-थि-त... वि-म-ल," आणि मान डोलावली. मी तीनदा वाचलं. खाली सही केली. बटर पेपरवर प्रिंट काढला, त्यावरून छपाईच्या मशीनवर दोनशे कार्डं निघाली, पांढरी, निळ्या काठाची. पुडकं बांधून मी घरी नेलं आणि अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी वरचं एक काढून वाचलं, बराच वेळ. मग म्हणाले, "चांगलं झालंय." आणि पुडकं घेऊन मागं पडवीत गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात जायला लागले. लोकांनी नावं ठेवली असतील, ठेवू देत. घरी बसून काय करणार होते? दुकानात दोन्ही मशीनं आता सारखीच झाली होती. सकाळी शब्द टाइप करून बघायची गरज उरली नव्हती, मराठीचं ते रुसणारं कार्डच काढून टाकलं होतं. मी गेले की थेट कामाला लागायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा अण्णा पडवीत पाटावर बसलेले असायचे. फॅक्टरीतून रजा घेतली होती त्यांनी. पुढ्यात पुडकं, काळ्या शाईची दौत, टाक, आणि कपाळावर सरकवलेला चष्मा. मला वाटलं, पाकिटांवर पाहुण्यांची नावं घालताहेत. एकदा मी म्हटलं, "अण्णा, द्या, मी घालते नावं." ते म्हणाले, "नको. तू पड जरा." मी जाऊन पडले. भिंतीपलीकडून बारीक खरखर आवाज यायचा, थांबायचा, परत यायचा. मी छताकडे बघत ऐकायचे. उंदीर असेल असं वाटायचं. सकाळी उजेड झाला की अण्णा तयार झालेली कार्डं पिशवीत घालून वाटायला निघायचे, कधी अंबरनाथात, कधी बदलापूरला, आणि भर दुपारी परत येऊन पाटावर बसायचे. पोटाला काही मागायचे नाहीत. मी भात टाकायचे, आम्ही दोघं समोरासमोर बसून तो संपवायचो आणि उठायचो.

कार्यक्रमाच्या दिवशी विहार भरला. माझ्या आईला इतकी माणसं ओळखत होती हे मला तेव्हा कळलं. लेबलांच्या कंपनीतल्या बाया आल्या, वरच्या काकू आल्या, लछूदादा पांढरा झब्बा घालून आले आणि अगदी मागं बसले. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं, आम्ही मागून म्हटलं. आईच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या. दोघातिघांनी आईबद्दल सांगितलं, हसवलंही. मग पंगत बसली. वरण, भात, बटाट्याची भाजी, खीर. मी वाढत होते. वाढायचं काम मला आवडलं, कारण वाढणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. पंगत उठायला लागली तशी कुसुममावशी माझ्याजवळ आली. गरम होत होतं, हातातल्या कार्डानंच ती वारा घेत होती.

"कार्ड छान केलंस हो सुजा. ताईचं नाव तर अगदी हातानं काढल्यासारखं दिसतंय."

मी म्हटलं, "छापलंय गं ते." तरी तिच्या हातातून घेतलं. व छापलेला होता. म छापलेला होता, ल छापलेला होता. व-च्या अलीकडची वेलांटी छापलेली नव्हती. ती टाकानं काढलेली होती, काळ्या शाईत, अगदी बेतानं, टायपाच्या जाडीला जाडी जुळवून. आणि म-च्या अलीकडे कागद खरवडलेला होता. उजेडात तिरकं धरलं की तेवढ्याच जागेवरची चमक गेलेली दिसत होती. तिथली वेलांटी कुणीतरी ब्लेडनं खरवडून काढली होती.

बोटांनी काय केलं होतं ते मला त्याच क्षणी कळलं. साडेतीन वर्षांच्या सवयीनं आधी व मारला, मग वेलांटी. मी वमिल छापलं होतं. एवढ्या मोठ्या टायपात. तीनदा वाचून. खाली सही करून. शेजारी वरच्या काकूंचं कार्ड सतरंजीवर पडलं होतं, ते उचललं. तसंच. कंपनीतल्या एका बाईच्या पर्समधून डोकावत होतं, तिला मागून घेतलं. तसंच. मागं जाऊन लछूदादांचं बघितलं. दादा म्हणाले, "क्या हुआ पुट?" मी दाराकडे वळले.

अण्णा दारात उभे होते, हात जोडून लोकांना निरोप देत. मी त्यांच्यापाशी गेले आणि कार्ड पुढं धरलं.

"अण्णा, आईचं नाव चुकलं होतं?"

"हं."

"सगळ्यांवर?"

"छापलेलं म्हटल्यावर सगळ्यांवर सारखंच असणार."

"मग मला सांगायचं नाही? एका दिवसात दुसरी काढून दिली असती मी."

"म्हणून तर नाही सांगितलं." ते कार्डाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "आधी सांगणार होतो. मग म्हटलं, एक करून बघू. चुकलेली खरवडली, बरोबर घातली. बरं वाटलं मला. मग दुसरं घेतलं." पुढं म्हणाले, "आठ दिवस गेले त्यात. नाहीतर ते गेले नसते."

मी त्यांच्या तोंडून एका दमात इतकं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. कुणीही म्हणेल, अशा वेळी मुलीचे डोळे भरून यावेत, बापाचा हात हातात घ्यावा. मला राग आला. पन्नाशी उलटली माझी, पण एवढा राग ना त्याआधी कधी आला ना त्यानंतर. चूक माझी होती. आई माझी होती. आणि दोनशेच्या दोनशे यांनी एकट्यानं बसून नीट करून टाकली होती, मी त्याच घरात, त्याच भिंतीपलीकडे, छताकडे बघत पडलेली असताना.

"एक तरी मला ठेवायचं!" मी ओरडले. विहारातली माणसं वळून बघायला लागली. मावशी "अगं सुजा, सुजा" करत धावली.

"एक तरी कार्ड मला द्यायचं होतं, अण्णा. मी चुकले होते ना? मग मला एक द्यायचं होतं!"

अण्णा घाबरले. त्यांना असं घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, "तुला त्रास झाला असता, बाळा."

"मग होऊ द्यायचा होता ना!"

मी तिथंच उंबऱ्याशी, लोकांच्या चपलांच्या ढिगाशेजारी खाली बसले. आणि मग तो त्रास झाला.